एक कॅमेरा घेणे आहे

माणसाने आयुष्यात एकदा तरी कॅमेरा विकत घ्यायला निघावे. आपल्याला सल्लागार किती आहेत, हे त्याशिवाय कळत नाही. मुलीचे लग्न ठरवतानासुद्धा एवढी मंडळी पुढे येत नाहीत!

"बाबा, खिशात मोबाइल असताना कॅमेरा कशाला?" हा चिरंजीवांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच होता. अंगणात, उन्हात, मोबाइल फोटो झकास काढतो. पण माझी आई राजापूरला थोरल्या भावाकडे असते. वय ८४. तिचा सारा दिवस जातो तो एका खिडकीच्या स्वयंपाकघरात. तिथल्या अंधारात मोबाइल बिचारा तीन-चार चित्रे एकमेकांवर चढवून उजेड गोळा करतो, आणि तेवढ्यात आईचा हात हललेला असतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही तो पुसून टाकतो. फ्लॅश तिला सोसवत नाही. उडाला की डोळे मिटते आणि मग तासभर कुरकुरते.

हे मी सर्वांना सांगितलेले कारण. खरे कारण अण्णांचे आहे.

अण्णांनी १९६८ साली आगफाचा 'क्लिक थ्री' घेतला होता. त्यात निवडण्यासारखे काही नव्हतेच. ऊन नि ढग अशा खुणा, की संपले. एका रोलमध्ये १२ फोटो, आणि ते आम्ही वर्षभर पुरवायचे. गणपतीला ४, दिवाळीला ४, उरलेले कुणाचे बारसे निघाले तर! अण्णा आम्हांला अंगणात ओळीने उभे करीत, सूर्य स्वतःच्या पाठीशी घेत नि "हलू नका" म्हणत.

१९८१ साली अण्णा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की सबंध आल्बममध्ये अण्णा एकदाही नाहीत. शेवटी कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यातले गृहस्थ अण्णांसारखे दिसतात, एवढेच. मात्र १९७२ च्या दिवाळीतल्या एका फोटोत आम्हां भावंडांच्या पायांशी एक लांब सावली पडली आहे. डोक्यावर टोपी, दोन्ही हात डोळ्यांशी नेलेले, कोपरे बाहेर निघालेली. आई आल्बम घेऊन बसली, की त्या पानावर थांबते.

असो. फोर्टात बोरा बझारमध्ये गेलो. चिरंजीव बरोबर होते, आणि ते दर दोन वाक्यांआड 'मेगापिक्सेल' म्हणत होते. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याच्या चित्रात ठिपके होते अवघे १० हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आता साध्या कॅमेऱ्यातही २ कोटी ४० लाख ठिपके मिळतात. पण सहा बाय चार इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून उत्तम छापायचा, तर लागतात २१ लाख ६० हजार. उरलेल्यांचे करायचे काय? आमच्या भिंती काही राजवाड्याच्या नाहीत.

दुकानदार मात्र शहाणा निघाला. त्याने एकच विचारले, "फोटो काढणार कुठे?" मी स्वयंपाकघर म्हटल्यावर त्याने झूमची लांब भिंगे गुपचूप कपाटात ठेवली आणि ३५ मिलिमीटरचे एक बुटके भिंग पुढे केले. झूमचे स्वस्त भिंग लांब केले, की त्याचे तोंड ५.६ पर्यंत आवळते; हे १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर उजेड जवळजवळ दसपट आत येतो. मात्र तोंड इतके उघडले, की नाक स्पष्ट नि कान धूसर, असा प्रकार होतो. त्याला इलाज नाही.

मी भिंग नवे घेतले आणि कॅमेरा मागच्या पिढीतला, वापरलेला. भिंग टिकते, कॅमेऱ्यांच्या पिढ्या आमच्या पिढ्यांपेक्षा लवकर बदलतात. निर्णय पक्का झाला, तो मात्र दुकानदारामुळे नव्हे. सौभाग्यवतींनी अगोदरच बजावले होते, "अहो, मला चालवता येईल असाच आणा. तुमचे फोटो कोण काढणार?" म्हणून सगळे त्याच्यावरच सोपवता येते आणि बटण हाताला चटकन लागते, याची खात्री करूनच पैसे मोजले.

गेल्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, आई करंज्या तळीत असताना मी तिचे वीसेक फोटो घेतले. फ्लॅशशिवाय. तिला पत्ताही लागला नाही. मग दाखवले, तेव्हा ती बराच वेळ चष्मा पुसून पाहत राहिली. झारा खाली ठेवला, हात पदराला पुसले.

"आण इकडे. कुठे दाबायचे रे?"

"आई, अगं करंज्या जळतील."

"जळू देत. तू तिथे उभा राहा."

फोटो तिरपा आला आहे. माझे अर्धे कपाळ गेले आहे, चेहरा धूसर आहे आणि मागची कढई मात्र कमालीची स्पष्ट. सहा बाय चारच्या आकारात छापून घेतला. आईने तो आल्बममध्ये १९७२ च्या पानावर, त्या फोटोशेजारी चिकटवला आहे.