राखलेलं मूत्रपिंड

गोव्यातल्या सुर्ला, पाळी, वेळगे या पट्ट्यातून मूत्रपिंडाची गाठ घेऊन माझ्याकडे येणारी माणसं बहुधा भलत्याच कारणाने सोनोग्राफीला गेलेली असतात. पित्ताचे खडे बघायला जावं आणि किडनीवर तीन सेंटीमीटरची गाठ सापडावी, असं होतं. दुखत नाही, लघवीला रक्त नाही, आणि हातात मात्र कॅन्सरचा संशय असलेला रिपोर्ट. सुर्ल्याच्याच एका काकांची उमेदीची वर्षं खनिजाचे ट्रक चालवण्यात गेली होती. गाठीपुरती किडनी कापून बाकीची राखली, आणि पहिल्या तपासणीला येताच त्यांनी विचारलं, "दोतोर, कापिल्लो कुडको परत येता?"

येत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. यकृत कापलं तरी वाढतं, हे लोकांच्या कानावर असतं, म्हणून किडनीकडूनही तीच आशा धरतात. पण किडनीची घडण वेगळी. रक्त गाळणारे नेफ्रॉन प्रत्येक किडनीत सरासरी 10 लाखांच्या आसपास असतात आणि ते सगळे आईच्या पोटातच, साधारण 36व्या आठवड्यापर्यंत घडून होतात. जन्मानंतर एकही नवा होत नाही. उरलेले थोडे फुगतात, जास्तीचं काम अंगावर घेतात, एवढंच. म्हणून ऑपरेशननंतर किडनीचं काम किती भरून येणार, याचा निकाल बराचसा थिएटरातच लागलेला असतो.

किडनी राखण्याच्या आधी ती काढण्याची रीत आली. 1869 साली हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सिमोन या सर्जननी एका बाईची अख्खी किडनी काढली आणि ती उरलेल्या एका किडनीवर जगली. एक पुरते, हे त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं होतं. या यशाची सावली फार लांब पडली. गाठ सुपारीएवढी असली तरी किडनी काढून मोकळं व्हायचं, हीच पुढच्या कित्येक पिढ्यांची रीत झाली. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून लहान गाठींच्या रुग्णांचे आकडे आले. तीन वर्षांनंतर गाळण्याचा वेग मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली न घसरलेले रुग्ण भाग काढलेल्यांत 80 टक्के होते, अख्खी किडनी काढलेल्यांत 35. युरोपातल्या 541 रुग्णांच्या चाचणीत भाग काढलेले अधिक वर्षं जगले असं दिसलं नाही, हेही खरं आहे आणि ते मी रुग्णाला सांगतो. तरीही लहान गाठ असेल तर मी किडनी राखण्याच्याच बाजूचा आहे. पुढे त्या माणसाला मधुमेह होणार नाही, दुसऱ्या किडनीत खडा अडकणार नाही, याची हमी कोण देणार?

गाठ कापताना रक्त थांबवायला धमनीला क्लॅम्प लावला की तांबूस तपकिरी किडनी डोळ्यांदेखत राखाडी पडते. सिस्टर मिनिटं मोजून मोठ्याने सांगू लागतात. हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा दोन किडन्यांना लागतो, त्यामुळे हा रक्ताचा उपास त्यांना सोसत नाही. 25 मिनिटांच्या आत रक्त परत सोडायचं, असं आम्ही शिकलो. एकच किडनी असलेल्या रुग्णांवर मेयो आणि क्लीव्हलँड क्लिनिक यांनी केलेला अभ्यास 2010 मध्ये आला आणि एकेका मिनिटाची धास्ती बसली. पुढे, राखलेल्या निरोगी भागाची मापं काढून हिशेब केले तेव्हा चित्र पालटलं. मर्यादेत राहिलेल्या उपासातून किडनी बहुतेक सावरते. नेफ्रॉनच्या नळ्यांच्या आतलं अस्तर सुकलं तरी एक-दोन आठवड्यांत पुन्हा धरतं. कायमचं जातं ते कापलेलं आणि टाक्यात आवळलेलं.

हे टाक्याचं प्रकरण जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. गाठ निघाली की खाली एक खड्डा उरतो, त्याच्या तळाशी लहान धमन्यांची तोंडं ठिबकत असतात. किडनीतल्या धमन्या शेवटच्या असतात, एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक फांदी टाक्यात सापडली की तिच्या वाट्याचा पाचरीच्या आकाराचा तुकडा मेला म्हणून समजा. म्हणून सुईने मोठा घास घ्यायचा नाही, तळातली तोंडं एकेक करून बांधायची, आणि वरच्या कडा ओढून घट्ट मिटवण्याचा मोह आवरायचा. ज्युनिअर मंडळींना क्लॅम्पची घाई शिकवावी लागत नाही, घड्याळच ती शिकवतं. घास लहान ठेवणं मात्र हाताला धरून शिकवावं लागतं. क्लॅम्प सुटला की आधी एखाद्या कोपऱ्यात लाली येते, मग ती पसरते. एखादा पट्टा राखाडीच राहिला तर तिथे आपली सुई खोल गेली, हे तेव्हाच कळतं.

घरचे लोक क्रिएटिनिनच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो चढतो आणि घरात रडारड होते. तो बहुधा उतरतो. समजा, दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला 90 मिलिलिटर गाळत होत्या, म्हणजे प्रत्येकी 45. कापलेल्या किडनीत 80 टक्के काम राहिलं तर 36, एकूण 81. रक्ताच्या चाचणीत हा फरक जाणवतही नाही, कारण दुसरी किडनी तो झाकून टाकते. ऑपरेशन झालेली किडनी खरोखर किती काम करते ते पाहायचं तर डीटीपीए स्कॅन लागतो, आणि तोही तीन महिन्यांनी. तोवर सूज, उपास, सगळं ओसरलेलं असतं आणि जो आकडा येतो तो बराचसा कायमचा. ज्यांना मुळात एकच किडनी आहे, त्यांचा आकडा मात्र काही लपवत नाही. त्यांच्यासाठी तळहाताएवढ्या मांसातला प्रत्येक मिलिमीटर मोलाचा.

तीन महिन्यांनंतरची धुरा आमच्या हातात फारशी राहत नाही. ऑपरेशनमुळे कमी झालेली किडनी सहसा तिथेच थांबते. मधुमेह आणि रक्तदाबाने पोखरलेली किडनी घसरतच जाते. काळजी करावी ती इथे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडिया-डायबिटीस पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. काणकोणात कारण नीट न उलगडलेल्या किडनीच्या आजाराने कितीएक घरं हैराण झाली आहेत, आणि तिथे विहिरीच्या पाण्यातल्या सिलिकाचा संशय घेतला जातो. अशा प्रदेशात राखलेल्या किडनीला दिवस काढायचे आहेत.

काकांना मी चार गोष्टी सांगितल्या. ट्रकवर बसून लघवी धरायची आणि पाणी टाळायचं, ही सवय आता सोडा. गुडघा दुखला म्हणून फार्मसीतून गोळी आणून खाऊ नका, आधी विचारा. बिडी बंद. दर सहा महिन्यांनी साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासा, त्यासाठी बांबोळीला माझ्याकडे यायला नको, जवळच्या साखळीतही होतं. त्यांच्या मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि गोळ्यांच्या नावांची यादी मागितली. ती मी तिला लिहून दिली, आणि पुढची तारीख.