पाणवठ्यावरचा बारावा रोजा

२०१९ च्या रमजानमधला बारावा रोजा आम्ही फणसाडच्या जंगलात, झाडावर बांधलेल्या मचाणावर सोडला. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवराबायको. एकाची तीस वर्षे रसायनीच्या एका कारखान्यात गेली, दुसरीची शाळेत. त्या दिवशी १८ मे होता आणि बुद्धपौर्णिमा होती. उन्हाळ्यातल्या या रात्री पाणवठ्यांवर बसून येणारी जनावरे मोजायची, अशी आपल्या राज्यातल्या अभयारण्यांची अनेक वर्षांची रीत आहे. वनखात्याची माणसे सगळ्या पाणवठ्यांना पुरत नाहीत, म्हणून हौशी स्वयंसेवक बोलावतात. आमच्या मुलीने आमची नावे आम्हाला न विचारता दिली होती.

मोहोपाड्याच्या बाजारात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही.

"पगार किती देतात?" किराणावाल्याने विचारले.

"काही नाही."

"मग जेवणखाण तरी?"

"रोजा आहे."

तो हसला, आम्हीही हसलो. पण त्याचा प्रश्न मनातून जाईना. निवृत्त माणसांनी रमजानच्या दिवसांत मस्जिद सोडून, तरावीह सोडून रानात जाऊन बसायचे, तेही फुकट, हे आम्हाला तरी कुठे पटले होते? मौलानांना विचारले. ते म्हणाले, "मुसाफिराला सवलत आहे. निभत असेल तर रोजा ठेवा, तहान सोसली नाही तर सोडा. पण जाताय कशासाठी, ते स्वतःला एकदा विचारा."

पेणवरून अलिबागच्या रस्त्याला लागलो. कार्लेखिंडीत किहीमकडे जाणारा फाटा लागतो. तिथे मुलीने गाडी थांबवायला लावली आणि सलीम अलींची गोष्ट सांगितली. त्यांचे नाव आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचले होते, पण ते आपल्याच जिल्ह्यात राहून गेले हे ठाऊक नव्हते. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून ते १९३० साली परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झाली होती. शिकलेला माणूस बेकार. ते पत्नी तहमीनांसह किहीमला येऊन राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. महिनोन् महिने ते तिचे निरीक्षण करीत बसले. आपण मराठीत तिला सुगरण म्हणतो खरे, पण घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की मादी येऊन तपासते. पसंत पडले तर राहते, मग नर ते पुरे करतो आणि पुन्हा दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळे पाहून नीट मांडले ते सलीम अलींनी, नोकरी नसलेल्या दिवसांत. पुढे हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी करतानाही त्यांनी मेहनताना मागितला नाही. संस्थानाने फक्त खर्च द्यावा, काम आपण करू, असे त्यांचे म्हणणे असे.

ते एकटे नव्हते. हुमायून अब्दुलअली आणि जफर फतेहअली हे दोघे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था अशा मानद माणसांच्या खांद्यावर उभी राहिली. मानद म्हणजे शेवटी बिनपगारीच. किराणावाल्याला सांगायला एक उत्तर मिळाले, असे आम्हाला तेव्हा वाटले.

रेवदंडा ओलांडून सुपेगावला पोहोचलो. फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल. १९८६ साली ते अभयारण्य झाले. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे, बरेचसे सदाहरित आणि निमसदाहरित झाडीचे हे रान समुद्रापासून फार लांब नाही. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. मे महिन्यात ओढे आटतात आणि पाणी फक्त या गाणींवर उरते. म्हणूनच मोजणी उन्हाळ्यात होते. पौर्णिमा अशासाठी, की विजेरी न लावता दिसावे.

वनाधिकाऱ्यांनी सगळ्यांना सूचना दिल्या. भडक कपडे नकोत. अत्तर नको. बोलायचे नाही. खाण्याच्या वस्तू वासाच्या नकोत. मग एक छापील तक्ता हातात दिला. वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू, कुठून आला, कुठे गेला असे रकाने होते. शेवटी ते म्हणाले, "दिसले तेवढेच लिहा. दिसले नाही ते लिहू नका. रात्रभर काहीच आले नाही, तर काहीच आले नाही असे लिहा. तीही माहितीच आहे."

आमच्याबरोबर जवळच्या आदिवासी वाडीतले एक मामा होते, वनमजूर. त्यांचे आजोबा नवाबाच्या शिकारीत हाकारे म्हणून जात असत. मचाणावर चढून बसलो तेव्हा पाच वाजले होते. उकाडा असा, की अंगावरचा सदरा पिळावा. घसा कोरडा. खाली वीस पावलांवर पाणी. मामांच्या खांद्याला पाण्याची बाटली होती, पण त्यांनी ती उघडली नाही. खुणेने सांगितले, प्या. त्यांनी मान हलवली. तुमचं होऊ दे, अशी खूण केली.

अजान ऐकू येण्यासारखी नव्हती. घड्याळ बघत बसलो. सूर्य खाली गेला तसे रानकोंबडे पाण्यावर आले. मग वानरांची टोळी उतरली आणि निघून गेली. सातच्या सुमारास वेळ झाली. खजूर तोंडात घातला आणि पाण्याचा घोट घेतला. मामांनीही बाटली उघडली. नेमके त्याच वेळी समोर एक भेकर येऊन पाण्याला लागले. तिघे माणसे आणि एक जनावर, एकाच वेळी पाणी पीत होतो. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यामुळे ज्याला माफी मिळाली, त्याची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकली आहे. त्या संध्याकाळी वाटले, पाणी पाजायचे पुण्य फार पुढचे. जे पाणी त्यांचे आहे, ते त्यांचे राहू द्यावे, एवढे तरी करावे.

रात्री दहानंतर रानडुकरांचा कळप आला, नऊ मोठी आणि पिल्ले. अकराला साळिंदर. बाराच्या पुढे बराच वेळ कुणी नाही. मग दीडच्या सुमाराला एक सांबर मादी पिल्लाला घेऊन झाडीच्या कडेशी उभी राहिली. दहा मिनिटे ती तशीच उभी होती. नंतर पुढे आली, पिल्लाला पिऊ दिले, आणि स्वतः मात्र मान वर करून पाहत राहिली. पिल्लाचे झाल्यावर प्यायली.

तक्त्यात वेळ लिहिली. सांबर, मादी एक, पिल्लू एक. लिहिता लिहिता आमच्यापैकी एकाचा हात थांबला.

कारखान्यातही रात्रपाळीला असेच एक रजिस्टर असे. सांडपाणी सोडण्याआधी त्याचा तपास करायचा आणि आकडा लिहायचा. तीस वर्षांत ते रजिस्टर कितीदा भरले त्याला गणती नाही. पण दरवेळी जे दिसले तेच लिहिले, असे नाही. 'वरून' सांगितलेला आकडा लिहिलेल्या रात्रीही आहेत. सकाळी घरी येताना पाताळगंगेच्या काठावर पांढरी पोटे वर करून पडलेले मासे पाहिले, आणि घरी काही बोललो नाही. ही नदी मे महिन्यातही वाहते, कारण खोपोलीच्या वीजघरातून सुटणारे पाणी तिला मिळते. गुरे तिच्यावर पाणी पितात, बाया कपडे धुतात. मुलांची शिक्षणे होती, घराचा हप्ता होता. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते, हे खरे. पण खरे लिहायला काय लागले असते, हा प्रश्न मचाणावर पहिल्यांदा सरळ समोर येऊन बसला.

हे दुसरीला त्या रात्रीच कुजबुजत सांगितले. तिने काही उत्तर दिले नाही. बऱ्याच वेळाने पेन हातातून घेतले आणि पुढची नोंद स्वतः केली.

चारच्या आधी खजूर, केळे आणि पाणी अशी सेहरी झाली. फजरची नमाज मचाणावरच बसून पढलो. उजाडल्यावर समोरच्या झाडावर शेकरू उतरला. त्याचीही नोंद झाली. बिबट्या आला नाही. तसेही लिहिले.

अशा एका रात्रीच्या मोजणीवरून जंगलात नेमकी किती जनावरे आहेत ते कळत नाही. एकच डुक्कर दोन पाणवठ्यांवर जाऊन दोनदा मोजले जाऊ शकते. वाघ-बिबट्यांसाठी आता स्वयंचलित कॅमेरे लावतात. पण माणसांना रानाशी जोडायला ही रात्र उपयोगी पडते, हे आम्ही स्वतःवरून सांगू शकतो. अशी कामे ठिकठिकाणी आहेत. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह कासवांची घरटी राखली. कर्नाटकात आगुंबेच्या वर्षावनात रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली संशोधन केंद्र उभारले. अशा ठिकाणी तरुण मुले जाऊन राबतात. आपल्या मोहल्ल्यातली मुले तिथे कमी दिसतात. त्यांना कुणी मनाई केलेली नाही. हे आपले काम आहे असे त्यांना कुणी सांगितलेले नाही, इतकेच.

२०२० साली बुद्धपौर्णिमा पुन्हा रमजानमध्येच आली, पण टाळेबंदी होती. घराबाहेर पडता येत नव्हते. तेव्हा आम्ही गच्चीवरून पक्षी मोजायला लागलो. ती सवय टिकली. आता दर रविवारी सकाळी पाताळगंगेच्या काठावर तासभर बसतो. एका वहीत खंड्या, बगळे, पाणकावळे लिहितो. पाण्याचा रंग आणि वासही लिहितो. मेलेले मासे दिसले तर किती, तेही लिहितो. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजले जातात, तेव्हा गल्लीतली सात-आठ मुले बरोबर येतात. त्यांना पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो: दिसले तेवढेच लिहा, आणि दिसले ते सगळे लिहा.

किराणावाला अजून विचारतो, "काय भाई, मिळतं काय यात?"

सलीम अलींचे उत्तर आमच्याकडे तयार आहे, पण ते त्यांचे उत्तर आहे, आमचे नाही. ते बिनपगारी काम करीत, कारण त्यांना पक्ष्यांचे वेड होते. आमच्याकडे एक जुने रजिस्टर आहे. त्यातली पाने आता बदलता येणार नाहीत. नवीन वही मात्र खरी ठेवता येते. किराणावाल्याला आम्ही एवढेच सांगतो, की येत्या रविवारी तूही ये.