रजेवरची घोडी

नाशिकला गेलेला मनुष्य रामकुंड, काळाराम, सीतागुंफा एवढे उरकतो, चिवडा बांधून घेतो आणि परततो. आम्हीही उरकले. पण पंचवटीच्या एका बोळात लिदीचा वास आला आणि माझी पावले तिकडे वळली. घोडा या गावाचा जुना सोबती. १८८९ साली येथे ट्राम सुरू झाली तीसुद्धा घोड्यांची. स्टेशनापासून गावात येणारी. टांगेही होते. आता घोडा उरला तो बहुधा नवरदेवापुरता.

तबेल्यात एक पांढरी घोडी उभी होती आणि मालक तिच्या पुढच्या डाव्या पायावर नळीने गार पाणी सोडीत होते. वीस वीस मिनिटे, दिवसातून तीनदा. पायाच्या नळीमागे थोडी सूज होती; हात लावला तर ऊन लागे. डॉक्टरांना कंडरेचा संशय होता. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जखडणारी दोरी. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच; सारी मदार या दोऱ्यांवर, आणि वजनाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर. रक्ताचा पुरवठा बेताचा, त्यामुळे दोरीचे धागे खरोखरच तुटले असतील तर भरून यायला नऊ महिने ते वर्ष. ते सोनोग्राफी सांगणार, तीही आठवड्याने. तोवर घोडी ठाणावर. वैरण पोटभर, चंदी मात्र कमी. उभ्या जनावराला दाण्याची मस्ती चढते आणि एका उधळण्यात उरलेले धागेही जातात.

खरी पंचाईत पुढेच आहे. सूज काही दिवसांत ओसरते, लंगडणे थांबते, घोडी बरी दिसू लागते. आतली दोरी मात्र कच्चीच. आणि तुळशीचे लग्न लागले की वरातींचा हंगाम! मालकांनी तीन वरातींचा विसार घेतलेला.

"मग मामा, आता?"

"एकाचा परत केला. दुसऱ्याला भावाचा घोडा देतोय. तिसरे म्हणतात, हीच पाहिजे. तासाभराचं तर काम आहे."

"चालेल का तेवढं?"

"नुसतं चालायचं असतं तरी नको होतं. इथं तर बँडपुढं नाचवतात, साहेब. डांबरावर पाय आपटते ती."

"पोरीच्या कॉलेजची फी भरायचीय, तेही सांगा त्यांना," आतून मामींचा आवाज आला.

मामा काही बोलले नाहीत. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ओला हात धोतराला पुसून त्यांनी तो कानाला लावला.

"नमस्कार दादा. नाही, घोडी रजेवर आहे... तासाभरालाही नाही. संध्याकाळी घरी आहात ना? पैसे घेऊन येतो."