मागचं टायर

तीन दिवस झाले, झड लागलीय. वापसा नाही, फवारणी थांबलीय. म्हणून आज सोयाबीन बाजूला ठेवून मोटारसायकलच्या मागच्या टायरबद्दल लिहितो. लिहायचं वर्षभरापासून होतं, पण चूक आपली असली की हात लवकर चालत नाही.

माझी गाडी २०११ ची स्प्लेंडर. डेअरीला दूध, बाजार, खताची गोणी, सगळं तिच्यावरच. गेल्या उन्हाळ्यात मागचं टायर पार गोटा झालं. मूळ साईज २.७५-१८. थोरला म्हणाला, "अण्णा, आता जाड टाकू. ट्रॅक्टर चिखलातून निघतो तो रुंद टायरमुळंच ना?" मला पटलं. रुंद टायरनं जमीन कमी दबते हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो. दुकानदारानं १००/९०-१८ बसवून दिलं. रिम मात्र तीच, जुनी.

उन्हाळाभर गाडी मोठी ऐटबाज दिसली. ॲव्हरेज लिटरमागं चार-पाच किलोमीटरनं कमी झालं अन् कॅन घेऊन चढावर दुसऱ्या गिअरला कुंथायला लागली. तिकडं मी काणाडोळा केला.

मग पाऊस पडला. आमची पाणंद काळ्या मातीची. एक दिवस सकाळी खुरपणीच्या बायकांना चहा-भाकरी घेऊन निघालो, मागं आमची मंडळी बसलेली. माती टायरला धरत गेली, मडगार्डात कोंबत गेली, अन् ओढ्याजवळ मागचं चाक जागीच जाम. वेग काहीच नव्हता. गाडी डाव्या अंगाला कलंडली, तिनं हात टेकवला अन् मनगट मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर. धारा मी काढायला लागलो, तर म्हैस मला पान्हाच सोडीना. ती गळ्यात हात अडकवून शेजारी उभी राहायची, तिचा आवाज आला की म्हैस थोडी मोकळी व्हायची. दूध निम्म्यावर आलं. मला ती एक शब्द बोलली नाही, हेच जास्त लागलं.

नंतर एका दुपारी गाडी उभी करून पट्टीनं मोजत बसलो. १००/९०-१८ म्हणजे टायर १०० मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, रिम १८ इंची. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर, त्यात खालून ९० अन् वरून ९० धरले की पूर्ण चाक ६३७. नव्या स्प्लेंडरला ८०/१००-१८ येतं, त्याचं चाक होतं ६१७. म्हणजे त्याच्यापेक्षाही माझं चाक २० मिलिमीटर मोठं झालं होतं, मडगार्डाकडं १० मिलिमीटर जवळ, अन् दोन्ही बाजूंनी चिमट्याकडं अन् चेनकव्हरकडं तेवढंच जवळ. माझं मूळचं २.७५ इंची तर जेमतेम ७० मिलिमीटर रुंद. पूर्वी माती गळून पडायला जी फट होती, तीच मी पैसे देऊन बुजवली होती. चाक मोठं म्हणून गाडी ओढायलाही जड. किलोमीटरचा काटा पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळं त्याच्यात फरक दिसला नाही.

दुसरी गोष्ट रिमची. माझी रिम १.६० इंची, अरुंद. जाड टायर तिच्यात कडांनी आवळलं जातं अन् माथा गोल होतो. रस्त्याला टेकतो फक्त मधला पट्टा. रुंद टायर घेऊन उलट कमी टेकत होतं! ट्रॅक्टरला आपण साईज बदलतो तेव्हा रिम जुळते का ते आधी बघतो, इथं कुणी बघितलंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. साईजच्या पुढं एक आकडा अन् अक्षर असतं, ४२पी, ४८पी असं. तो आकडा वजनाचा. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. २.७५-१८ पुढंही येतं अन् मागंही, साईज तीच, पण पुढचं ४२ चं अन् मागचं ४८ चं. स्वस्तात मिळतंय म्हणून पुढचं टायर मागं घालणारे आमच्या गावात चार जण तरी आहेत.

मी आडतीच्या काट्यावर गाडीचं मागचं चाक चढवलं, पुढच्याखाली तेवढ्याच उंचीचं लाकूड दिलं, दोन कॅन भरून वर बसलो. काटा म्हणाला १५८. म्हणजे ४२ चं टायर रोज सकाळी कमी पडलं असतं. जाड टायरचा वजनाचा आकडा मोठा असेलही, पण तो त्याला जुळणाऱ्या रिमवर.

परत २.७५-१८, ४८ चं बसवलं. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. औषधाच्या बाटलीसारखी तीही वाचून घेतली. फिरण्याचा बाण पुढच्या दिशेला आहे का तेही उभं राहून बघितलं, पंक्चरवाला वैतागला. हवा गाडीच्या पुस्तकाप्रमाणं एकट्याला २८, डबलसीटला ४०. कॅन असले की मी ४० च भरतो.

यंदाच्या पावसात त्याच पाणंदीनं जातोय. माती धरते, पण थोडं पुढं गेलं की गळून पडते. ओढ्याजवळ मंडळी अजूनही उतरून चालत जातात, मी पलीकडं थांबतो.

जाड टायर गोठ्यात पडलंय, अजून निम्मंसुद्धा झिजलेलं नाही. काल तिनं विचारलं, बैलगाडीला बसतंय का हे?