त्र्याण्णवांपैकीं एक

मुंजीच्या किंवा लग्नाच्या पंगतींत चार पुरुष शेजारीं बसले, म्हणजे हल्लीं शेअर बाजाराचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. अमक्यानें एका दुपारीं दहा हजार मिळविले, तमक्याच्या चिरंजीवांनीं नोकरी सोडून घरींच संगणकापुढें ठाण मांडलें, अशा कथा जिलबीबरोबर वाढल्या जातात. पैसे बुडाल्याचें सांगणारा गृहस्थ मात्र मला या पंगतींत अद्याप भेटलेला नाहीं.

मी तरी कोठें बोललों? निवृत्तीनंतर, २०२३ च्या पावसाळ्यांत, मींही ऑप्शनच्या व्यवहारांत हात घातला. वेळ जात नाहीं, हें निमित्त. एका व्याह्यांची फुशारकी, हें खरें कारण. त्याच वर्षीं १ जुलैपासून ‘सेबी’नें, म्हणजे भारतीय प्रतिभूति आणि विनिमय मंडळानें, दलालांवर एक सक्ति केली होती. ग्राहक आपल्या खात्यांत शिरतांच, दहांपैकीं नऊ व्यक्तींना या व्यवहारांत तोटा होतो, ही सूचना त्याला दिसलीच पाहिजे. ती मला रोज सकाळीं दिसे. आणि ती बाजूला सारतांना दहावा इसम आपणच, याविषयीं मला तिळमात्र शंका नसे. सहा महिन्यांत सव्वा लाख रुपये गेले. घरांत मीं सांगितलें, रक्कम बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवली आहे.

सप्टेंबर २०२४ मध्यें मंडळाचा नवा अहवाल प्रसिद्ध झाला. २०२१-२२ पासूनच्या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनीं हे वायद्यांचे आणि ऑप्शनचे व्यवहार केले, आणि त्यांतील शेकडा ९३ जणांना तोटा झाला. सरासरी तोटा, खर्च धरून, सुमारें दोन लाखांचा. सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. खर्च वजा जातां लाखाच्या वर मिळविणारे शेकडा एकच निघाले. आपला तोटा सरासरीहून कमी आहे, हें पाहून मला क्षणभर बरें वाटलें. तें लिहितांना आज लाज वाटते.

मला अधिक वेळ खिळवून ठेवलें तें दुसऱ्याच आंकड्यांनीं. माझे पैसे गेले ते कोणाकडे, हा प्रश्न मीं स्वतःला कधीं विचारलाच नव्हता. पलीकडे माझ्यासारखाच कोणी पेन्शनर चहाचा पेला घेऊन बसला असेल, अशी कांहींशी समजूत होती. अहवाल सांगतो कीं, २०२३-२४ मध्यें स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनीं सुमारें ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनीं सुमारें २८,००० कोटी रुपये, खर्च वजा करण्यापूर्वींचा, नफा मिळविला; आणि त्यांतील शेकडा ९६-९७ नफा स्वयंचलित संगणकी व्यवहारांतून आला. म्हणजे मी चष्मा पुसून आलेख न्याहाळीत असें, तेव्हां समोर बहुधा माणूस नव्हताच! आणि मी मात्र बुद्धिबळाचा डाव मांडल्याच्या ऐटींत बसलेला.

सलग दोन वर्षें तोटा सोसूनही तीन चतुर्थांशांहून अधिक लोक थांबले नाहींत, हेंही त्यांत आहे. कोणी म्हणेल, बुडालेल्यांची शिरगणती करून काय उपयोग? नोव्हेंबर २०२४ पासून नियम कडक होऊं लागले, तरी त्या आर्थिक वर्षींही शेकडा ९१ व्यक्ति तोट्यांतच राहिल्या. आक्षेप खोटा नाहीं. पण हे आंकडे बाजाराच्या दप्तरांत पडूनच होते, आणि प्रत्येक घराला फक्त आपलाच ठाऊक होता. तोही पुष्कळदां घरांतील एकालाच. ते एकत्र करून कोणी जाहीर केले नसते, तर पंगतींतील कथांना उत्तर कोठून मिळालें असतें?

अहवालाचीं पानें छापून घेऊन मीं एका रात्रीं पत्नीपुढें ठेवलीं. तिनें चष्मा लावून तीं सावकाश वाचलीं आणि विचारलें, “यांत तुम्ही कोणते?”

“त्र्याण्णवांतला,” मी म्हणालों.

“तें मला केव्हांच कळलें होतें,” ती म्हणाली. “अहो, त्या ठेवीची पावती मीं एकदां तरी मागितली का?”