दोन बोटांची ढील

लहान मोटारीत चालकाच्या तळव्यापासून रस्त्यापर्यंत सांध्यांची एक रांग असते: स्टिअरिंगचे चाक, त्याचा दांडा, दांड्यातला यू-जॉइंट, पिनियन, रॅक, रॅक एंड, टाय रॉड एंड, नकल (चाकाला धरून वळवणारा भाग) आणि शेवटी टायर. प्रत्येक सांध्याला हलण्यापुरती मोकळीक लागते; त्याहून जास्त झाली की ती खुपते. गाडी जुनी होते तशी ही मोकळीक सांध्यासांध्यांत वाढते, तिची बेरीज होते आणि स्टिअरिंग थोडे फिरवूनही चाके जागची हलत नाहीत. या रिकाम्या फिरण्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात. सुझुकीच्या लहान गाड्यांत स्टिअरिंगच्या कडेवर मोजलेला प्ले सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण दोन बोटांएवढा, चालतो. ही ढील एका दिवसात वाढत नाही, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याला ती सगळ्यांत शेवटी कळते. स्टिअरिंगच्या कामात पाना-हातोडा सोपा. अवघड असते ते झीज ओळखणे.

या झिजेचा पूर्ण प्रवास पाहायचा तर मारुती ८०० सारखी गाडी नाही. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत ती देशभरच्या मध्यमवर्गीय घरांत पोचली. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही ती आली, आणि अनेकदा एकच गाडी वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून सुनेकडे जात राहिली. वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, चाके १२ इंची, वळणाची त्रिज्या ४.४ मीटर. फ्रीगंजातल्या टावर चौकात घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालायला किंवा ओव्हरब्रिजपलीकडे जुन्या शहरात गोपाळ मंदिराकडच्या गल्ल्यांत शिरायला एवढी गाडी पुरेशी होते.

मारुतीचे स्टिअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचे असते. दांड्याच्या खालच्या टोकाला लहान दातेरी पिनियन, आणि त्याला टेकलेली आडवी दातेरी सळई म्हणजे रॅक. पिनियन फिरला की रॅक डावी-उजवीकडे सरकते आणि दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकांना ढकलतात किंवा ओढतात. अ‍ॅम्बॅसडरमध्येही हीच पद्धत होती. पद्मिनीत मात्र स्टिअरिंग बॉक्स आणि त्यापुढे दुव्यांची लांब मालिका असे. दुवे कमी म्हणजे झिजणाऱ्या जागा कमी, आणि रस्त्याची खबर हाताला लवकर.

वळताना दोन्ही चाके सारखी वळत नाहीत. टावर चौकाला वळसा घालताना मनोऱ्याकडचे चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक जास्त वळावे लागते. घोड्यांच्या बग्गीसाठी ही रचना म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्सपेर्गर याने केली आणि लंडनमध्ये त्याचा प्रतिनिधी रुडोल्फ आकरमान याने १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. नाव राहिले ते आकरमानचे. मोटारीत हा हिशेब नकलच्या तिरप्या भुजा आणि टाय रॉडची लांबी यांवर बसवलेला असतो. त्यामुळे टाय रॉडचा सांधा झिजला की नुसता खडखडाट होत नाही, चाकांचे कोन बदलतात.

नव्या गाडीत हे सगळे अदृश्य असते. दसरा मैदानावर शिकाऊ मुलगा पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेतो तेव्हा त्याला जाणवते ते एवढेच: वळण संपल्यावर हात सैल सोडले की चाक आपोआप सरळ होते. ज्या अक्षाभोवती चाक वळते तो थोडा मागे कललेला असतो; या कॅस्टर कोनामुळे गाडी पुढे जाताना चाके सरळ रेषेत येऊ पाहतात. स्टिअरिंग किती सहज परतते हे त्याच्या प्रकृतीचे पहिले लक्षण, आणि पुढे बिघाड शोधतानाही त्याचाच उपयोग होतो.

झिजेची सुरुवात धातूत होत नाही, रबरात होते. टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट हे उखळीचे सांधे आहेत, माणसाच्या खांद्यासारखे: गोल डोके वाटीत बसलेले, भोवती ग्रीस आणि वर रबरी बूट. माळव्याचा उन्हाळा रबर कोरडे करतो. बुटाला बारीक चीर पडते. मग पावसाळा येतो. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी पिऊन फुगते. तिच्यावरचा रस्ता उचलला जातो, खचतो, त्याला लाटा आणि खड्डे पडतात. त्याच रस्त्यावरचा चिखल चिरेतून आत जातो, ग्रीस वाहून नेतो किंवा त्यात बारीक वाळू मिसळतो. वाळू मिसळलेले ग्रीस वंगण राहत नाही, पॉलिश पेपरचे काम करते. वेळेवर पाहिलेला फाटका बूट स्वस्तात बदलता येतो. न पाहिलेला पूर्ण सांधा खातो.

शहरातली सवय त्यात भर घालते. संध्याकाळी टावर चौकात खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी असते आणि दोन गाड्यांमधल्या फटीत मारुती घुसवायची असते. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग पूर्ण फिरवले की टायर जागच्या जागी घासतो आणि सांध्यांवर सर्वांत जास्त ताण येतो. गाडी इंचभर जरी सरकत असताना फिरवले, तरी हा ताण बराच उतरतो. लग्नकार्याला धुळे-नाशिककडे जाताना आग्रा रोडवरचा बिजासन घाट लागतो. तिथली वळणे या सांध्यांना फारशी जड जात नाहीत, कारण तिथे गाडी चालती असते. पार्किंगची झीज घाटाच्या झिजेला मागे टाकते.

ढील वाढते तसा हातही बदलतो. चालक नकळत स्टिअरिंग थोडे जास्त फिरवू लागतो, सरळ रस्त्यावरही ते डावी-उजवीकडे हलवत राहतो, आणि हीच गाडी चालवण्याची रीत असे त्याला वाटू लागते. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा चावी घेऊन ओव्हरब्रिजपर्यंत जातो आणि परत येऊन म्हणतो, ‘मामा, स्टिअरिंग किती ढिलं झालंय!’ मामांना ते खरे वाटत नाही. गाडीतला दोष हात सांभाळून घेत असतो, म्हणून परीक्षा अशी हवी की जिच्यात सवयीला वाव नाही.

पहिली परीक्षा गाडी जमिनीवर ठेवून होते. चाके सरळ, हवा बरोबर. एकजण स्टिअरिंग अगदी थोडे, चाके वळणार नाहीत इतकेच, झपाझप डावी-उजवीकडे हलवतो. दुसरा खाली वाकून एकेका सांध्यावर बोटे ठेवतो. निरोगी सांध्यात दोन्ही भाग एकदमच हलतात. झिजलेल्यात एक आधी हलतो, दुसरा मागून, आणि बोटाला बारीक टकटक जाणवते. वजन चाकांवर असताना हे पाहणे महत्त्वाचे, कारण गाडी उचलली की काही सांध्यांची ढील लपते.

दुसरी परीक्षा गाडी जॅकवर उचलून, घोडीवर टेकवून. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले आणि खेळले, तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर. बारा आणि सहाला धरून खेळले, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. या दोघांत निवाडा करायला दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा: हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा.

लक्षणे एकमेकांशी मिळतीजुळती असतात, म्हणून सोपी कारणे आधी वगळावी लागतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर प्रथम दोन्ही टायरांची हवा, मग अडकलेला ब्रेक. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग. पूर्ण वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की टकटक होत असेल तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. खड्ड्यात खटखट होत असेल तर लोअर आर्म किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश. स्टिअरिंग जड आहे आणि परतत नाही, तर शॉकरच्या वरचे सुकलेले बेअरिंग किंवा आखडलेला बॉल जॉइंट. टायरही साक्ष देतो. त्यावर आडवा हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागतो, तेव्हा चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता त्यांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलेली आहे ते माप, बिघडलेला असतो.

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग टाय रॉड एंड. जुन्याची जागा आधी खुणेने पक्की करतात: चेक नट अर्धा फेरा सैल करून तिथेच ठेवायचा आणि आटे रंगाने किंवा मोजून नोंदवायचे. मग स्प्लिट पिन काढून खाचांचा कॅसल नट सैल करतात, पण पूर्ण काढत नाहीत. दोन-तीन आटे अडकवून ठेवतात, म्हणजे सांधा एकदम सुटून अंगावर येत नाही. टाय रॉड एंडचा निमुळता खुंट नकलच्या छिद्रात पाचरीसारखा बसलेला असतो. तो पुलरने निघतो. पुलर नसेल तर नकलच्या कानाला बाजूने हातोड्याचे नेमके ठोके देतात. छिद्र क्षणभर ताणले जाते आणि खुंट सुटतो. खुंटाच्या टोकावर ठोकणे हा आडमार्ग आहे, त्याने आटे चेपतात.

नवा भाग मोजलेल्या आट्यांपर्यंत फिरवून बसवतात. निमुळती जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. तिथे ग्रीस लावू नये, कारण पकड घर्षणाचीच असते. कॅसल नट ठरलेल्या टॉर्कने आवळावा. पिनेचे छिद्र खाचेसमोर आले नाही तर नट आणखी थोडा आवळावा, सैल कधीच करू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी. एका बाजूचा सांधा गेला असेल तर दुसऱ्याचे वयही तेवढेच असते, म्हणून जोडीने बदलणे शहाणपणाचे. रॅक एंड बदलायचा तर रॅकचा लांब बूट सरकवावा लागतो आणि आतले लॉक वॉशर नवे घालून नीट वाकवावे लागते. बसवलेला बूट पिळलेला राहिला तर लवकरच फाटतो.

खुद्द रॅकची झीज वेगळी. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधले दात झिजतात आणि टोकांचे जवळजवळ नवे राहतात. रॅकला पिनियनवर दाबून धरणारा एक स्क्रू असतो. तो आवळून मधली ढील घालवण्याचा मोह गॅरेजात हमखास होतो. मध्ये ढील जाते, पण वळताना न झिजलेले दात पिनियनखाली आले की रॅक आवळली जाते आणि स्टिअरिंग परतेनासे होते. मधली ढील आणि टोकांची सहजता दोन्ही एकदम साधत नसतील तर रॅकचे आयुष्य संपले असे समजून ती बदलावी.

आटे मोजून बसवलेला टाय रॉड एंड गाडीला अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरता असतो. नव्या भागाची लांबी जुन्याशी तंतोतंत जुळत नाही आणि झिजेने बिघडलेला टो तसाच राहिलेला असतो. म्हणून टो बसवणे, दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणणे आणि चेक नट आवळणे, हा दुरुस्तीचाच शेवटचा भाग. त्यानंतर गाडी चालवणारा पहिले काही दिवस तक्रार करतो: गाडी फार चटकन वळते. हात अजून जुन्या ढिलीचा हिशेब धरून असतो. आठवड्याभरात तो निवळतो.

नव्या पिढीच्या गाड्यांत ही ओळख आणखी कठीण झाली आहे. विजेच्या मोटरची मदत असलेले स्टिअरिंग १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्याच सेर्वो या लहान गाडीत आले; ते बनवले होते कोयो सेइको कंपनीने. भारतात मारुतीला स्टिअरिंग पुरवणारी सोना कोयो ही त्याच कोयोच्या भागीदारीतली कंपनी होती; २०१८ पासून तिचे नाव जेटेक्ट इंडिया. मोटर आल्यावर उभ्या गाडीत स्टिअरिंग एका बोटाने फिरते, पण टायर तेवढाच घासतो आणि टाय रॉड एंडवरचा भार तेवढाच राहतो. जडपणा मोटर गिळते, आणि हाताला मिळणारी एक खबर कमी होते. सांधे मात्र तेच, बूटही तेच, आणि तपासण्याची रीतही तीच.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २०१४ मध्ये नोंदलेल्या अखेरच्या मारुतींची ही मुदत २०२९ मध्ये भरेल. तिथवर पोचणाऱ्या गाडीचे इंजिन बहुधा चालतेच असते. प्रश्न स्टिअरिंग, ब्रेक आणि पत्र्याचा असतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला बूट पाहणे, पावसाळ्याआधी आणि नंतर सांधे हाताने तपासणे, आणि वर्षातून एकदा गाडी रोज न चालवणाऱ्या कुणाच्या तरी हाती देऊन त्याचे म्हणणे ऐकणे, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. दोन बोटांपलीकडची ढील मग कुठल्या सांध्यात आहे, ते शोधायला अर्धा तासही लागत नाही.