उघडता येणाऱ्या संगणकास

पुणे

प्रिय असेंबल्ड डेस्कटॉपा,

बारावीचे निकाल लागून इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली की पुण्यातल्या घराघरांत एकच चर्चा चालते. विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा की मॅकबुक? काका अमेरिकेहून येणार असतील तर मॅक तिकडूनच मागवायचा का? या चर्चेत तुझे नाव आता फारसे निघत नाही. टेबल अडवणारा, वायरींचा गुंता घेऊन येणारा म्हणून तुला बाजूला सारले जाते. गेम खेळणारी मुले आणि छपाईच्या धंद्यातली माणसे एवढेच तुझे हक्काचे गिऱ्हाईक उरले आहे. माझे मत तुझ्या बाजूचे आहे, आणि त्याला पैशापेक्षा मोठी कारणे आहेत. ती चारचौघांत सांगावीत म्हणून हे पत्र.

तुझ्या घराण्याचा मूळपुरुष, आयबीएमचा पीसी, ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्याचा मोठा गुण म्हणजे त्याच्या आत रिकामे स्लॉट होते आणि त्यांत काय बसवायचे ते ठरवण्याची मुभा दुसऱ्यांनाही होती. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. दिसायला देखणा, वापरायला सोपा, चित्रे आणि माउस घेऊन आलेला. पण तो बंद होता. त्याचे स्क्रू इतके खोल होते की उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे, आणि उघडला तरी नवे कार्ड बसवायला आत जागाच नव्हती. ती जागा मॅकच्या घराण्यात १९८७ साली आली.

या फरकाशी मराठीचा थेट संबंध आहे. त्या काळातल्या तुझ्या पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरे उमटत. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचे तंत्र तयार झाले होते. मोहन तांबे हे त्याचे एक प्रमुख शिल्पकार. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्टचे काम इकडे आले. तिथले डॉ. विजय भटकर आणि १९९१ चा परम ८००० हा महासंगणक पुणेकरांना पाठ आहेत. त्याच संस्थेने देवनागरीसाठी जे केले त्याची आठवण मात्र कमी जण काढतात. जिस्ट हे एक कार्ड होते. तुझ्या रिकाम्या स्लॉटमध्ये ते बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार किंवा डीबेससारख्या डॉसवरच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी टाइप करता येई. मूळ कंपनीची परवानगी लागत नव्हती, तिने आपल्या भाषेची दखल घेण्याची वाट पाहावी लागत नव्हती. तुझे झाकण उघडत होते म्हणून मराठी आत शिरली. मला तुझ्याविषयी जी कृतज्ञता वाटते ती इथून सुरू होते.

मोकळेपणाचे नुकसानही झाले, आणि तेही पुण्यानेच जास्त सोसले. विंडोज आली, पानांची मांडणी करणारा पेजमेकर आला आणि नारायण पेठ, सदाशिव पेठ, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीची केंद्रे उभी राहिली. खिळ्यांची जुळणी संपली. बटर पेपरवर प्रिंट काढायची, ती प्रेसला पाठवायची. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम यांनी मराठी प्रकाशनाचा सगळा गाडा ओढला. त्या प्रणाल्यांनी केलेले काम मी कधीही कमी लेखणार नाही. पण त्या काळाची मर्यादा अशी की फाँटमध्ये जेमतेम दोनशे-सव्वादोनशे घरे असत, आणि ती मूळची इंग्रजी अक्षरांची. त्यांत देवनागरीचे तुकडे बसवायचे: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे ज्याने त्याने आपापले ठरवले. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१ पासून होते, तरी फाँटांची घरे वेगवेगळीच राहिली.

परिणाम प्रत्येक मुद्रितशोधकाला ठाऊक आहे. एका केंद्रात लावलेले मॅटर दुसरीकडे उघडले की पडद्यावर नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. मग फोन: फाँट पाठवा. फाँट मिळाला तर दुसऱ्या आवृत्तीचा निघायचा आणि जोडाक्षरे फुटायची. कादंबऱ्या, दिवाळी अंकांचे कितीतरी वर्षांचे मजकूर, संशोधनपर ग्रंथ अशा फायलींत अडकून पडले आहेत. त्यांत एखादे नाव शोधता येत नाही. अंध वाचकासाठी ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम चालत नाही. ई-पुस्तक करायचे तर आधी रूपांतर आणि मग पानन् पान पुन्हा तपासणे. लेखक गेला, प्रकाशक थकला, डीटीपी केंद्र बंद झाले, आणि सीडीवर उरली अशी फाइल की जिचा फाँट कोणाकडेच नाही. ही हानी आगीत ग्रंथालय जळण्याइतकी दिसत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही.

यातून सुटका प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेले घर देणाऱ्या युनिकोडने केली, आणि इथे तुमच्या भाऊबंदांमधली स्पर्धा जवळून पाहण्यासारखी आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती मंगल हा फाँट घेऊन. तो घडवला होता मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत. आपल्यातल्याच एका माणसाचे अक्षर कोट्यवधी पडद्यांवर गेले! पण पुढच्या विंडोज एक्सपीत देवनागरी आपोआप दिसत नसे. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, मग मूळ सीडी घालायची. ती सीडी बहुतेकांकडे नसायची. या एका अडथळ्याने कितीजण रोमन लिपीत मराठी लिहीत राहिले असतील, याचा विचार केला की आजही वाईट वाटते.

लिनक्सवाल्यांकडे सीडीचा प्रश्न नव्हता, चांगल्या फाँटांचा होता. त्या बाजूनेही पुणे पुढे आले. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित ही भारतीय लिप्यांची फाँटमाला सर्वांसाठी खुली केली. तिचे मूळ फाँट मॉड्युलर इन्फोटेकचे. श्रीलिपीच्या त्याच घरातून आलेली अक्षरे आता कोणीही फुकट वापरावीत, त्यांत सुधारणा करावी, पुढे वाटावी, अशी सोय झाली. युनिकोड आले तरी ॲ या अक्षराला त्यात स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडले. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि काही संगणकांवर तिथे ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. आजही जुन्या फायलींत एक रूप आणि नव्या फायलींत दुसरे असल्याने शोधताना निम्मे सापडते, निम्मे राहते. मराठीत काम करणाऱ्याने संगणक निवडताना या गोष्टी पाहायच्या असतात. दुकानातला विक्रेता प्रोसेसर कितव्या पिढीचा ते सांगतो. दऱ्या आणि सुऱ्या या शब्दांतला अर्धा र नीट उमटतो का, हे तो सांगत नाही.

मॅकविषयी मला अन्याय करायचा नाही. त्याचा पडदा सुंदर, बॅटरी दिवसभर पुरते, आणि देवनागरीची मांडणी आता तिथे उत्तम आहे. कोरेगाव पार्कात सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने स्वतःचे दुकान उघडल्यापासून पुणेकराला तो हाताळून पाहायलाही मिळतो. चित्रपटाचे संकलन, ध्वनीचे काम, आयफोनसाठी प्रोग्रॅम लिहिणे हेच ज्याचे पोट आहे त्याने खुशाल मॅक घ्यावा. माझी हरकत वेगळी आहे. ॲपल जुन्याला मागे सोडते आणि वळून पाहत नाही. १९९४, २००६ आणि २०२० असे तीनदा मॅकचे प्रोसेसर मुळापासून बदलले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. २००६ मध्ये आलेल्या इंटेलच्या मॅकवर ती उघडेनाशी झाली. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिटांचे सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत निकामी केले. ज्या गावात पंचवीस वर्षांपूर्वीच्या पेजमेकरच्या फायली आजही पुनर्मुद्रणासाठी काढाव्या लागतात, त्या गावाने एवढ्या विसराळू यंत्रावर आपली दप्तरे ठेवू नयेत. त्या फायली उघडतात त्या तुझ्यावर, जुन्या विंडोजवर, कोपऱ्यातल्या टेबलाखाली.

शिवाय दुरुस्ती. हल्लीच्या मॅकबुकमध्ये रॅम चिपच्या शेजारीच बसवलेली असते. घेताना आठ जीबी घेतली तर ती कायमची आठ. विंडोजच्या पातळ लॅपटॉपांनीही आता हाच मार्ग धरला आहे, तेव्हा दोष एकट्या ॲपलचा नाही. तुझे मात्र अजून तसे झालेले नाही. एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदलतात. संथ झालास तर एसएसडी टाकतात. टिळक रोडवर किंवा पेठेतल्या एखाद्या अरुंद दुकानात काउंटरवर आडवा ठेवून तुझे झाकण काढले जाते, गिऱ्हाइकासमोर धूळ झटकली जाते आणि कोणता भाग गेला ते त्याला डोळ्यांनी पाहता येते. पुण्यात नसेल तो भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो. या कारागिरांच्या हाताला काम आहे ते तुझ्यामुळे, आणि आपल्या वस्तूवर आपला ताबा आहे ही भावना शिल्लक आहे तीही तुझ्यामुळे.

आता तुझ्यावर आलेल्या संकटाविषयी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१६ सालचा, उत्तम चालणारा डेस्कटॉप कागदोपत्री निवृत्त. शाळांत, पतसंस्थांत, सोसायट्यांच्या कचेऱ्यांत असे कितीतरी आहेत आणि ते आता भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जातील अशी भीती आहे. त्यांना तिथे जाऊ देऊ नये. त्यांवर लिनक्स घालता येते, ते फुकट आहे, त्यात मराठीचा कीबोर्ड आणि फाँट आहेत, आणि पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट एवढ्या कामाला ते पुरून उरते. मदत करणारी माणसेही शहरात आहेत. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप याच कामातला आहे. श्रीलिपीवर अवलंबून असलेल्याने मात्र विंडोज सोडण्याआधी आपल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. घाई केली तर मजकूर हातचा जाईल.

महाराष्ट्रात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण घट्ट झाले त्याला एमएस-सीआयटीही कारण आहे. एमकेसीएल ही पुण्यातली संस्था २००१ ची. तिच्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो मुलामुलींच्या हाती पहिल्यांदा माउस दिला. त्याचे मोल मोठे आहे. पण संगणक बाहेरून वापरायला शिकलेल्या या पिढ्यांना तो आतून पाहायला कोणी शिकवले नाही. म्हणून मला वाटते, घरात पहिला संगणक येणार असेल आणि मूल सातवी-आठवीत असेल, तर तो तूच असावास. सुटे भाग आईवडिलांनी आणि मुलाने मिळून निवडावेत, दुकानदाराच्या शेजारी उभे राहून जोडताना पाहावेत. रोज पीएमपीच्या बसने नाहीतर लोकलने फिरणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला लॅपटॉपच लागणार, हे मला मान्य आहे. त्याने निदान रॅम आणि एसएसडी बदलता येईल असा घ्यावा आणि ते विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

लेखक, अनुवादक, संपादक, शिक्षक यांना माझा सल्ला एकच: तुला घ्यावे, मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहावा, कीबोर्ड इनस्क्रिप्ट शिकावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची रचना आहे आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे मिळते. मग उद्या तुझ्याऐवजी दुसरे यंत्र घ्यावे लागले तरी बोटांना नवे काही शिकावे लागणार नाही आणि फाइल जशीच्या तशी उघडेल. पानांची मांडणी इनडिझाइनमध्ये करणाऱ्यांनाही आता जुन्या फाँटांची सबब उरलेली नाही. २०१२ च्या सीएस ६ पासून त्यात युनिकोड देवनागरी लावता येते.

आणि तुला जोडून विकणाऱ्या पुण्यातल्या दुकानदारांना एक विनंती. विंडोज किंवा लिनक्स टाकून झाले की गिऱ्हाइकाच्या हाती संगणक देण्याआधी मराठी कीबोर्ड सुरू करा, तो कोणत्या कळा दाबून बदलायचा ते दाखवा आणि त्याचे नाव त्यालाच मराठीत टाइप करायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे. ते बिलात न लावता करा.

तुझा,
पुण्यातला एक मुद्रितशोधक